एक ‘एस’, दोन आवाज

मुळशीतल्या आमच्या वर्गात पाचवीच्या एका मुलीने ‘डॉग्ज़’ असं वाचलं आणि मुलं हसली. ‘एस’ लिहिलाय, ज़ कुठून आला? ती गप्प झाली. खरं तर बरोबर तीच होती.

इंग्रजीत अनेकवचनाचा एस क, प, ट नंतर स राहतो: कॅट्स. ग, ब, न नंतर त्याचा ज़ होतो: पेन्ज़. गळ्यावर बोट ठेवून ‘स’ आणि ‘ज़’ लांबवून म्हणा; ज़ला कंप जाणवेल. मराठीतही ‘सारं जग’ आणि ‘तू जग’ यांतले ज वेगळेच.

नमाज़, रोज़ा म्हणणाऱ्या आपल्या मुलांच्या जिभेवर हा ज़ घरचाच आहे. पालकांनो, रात्री दस्तरखान उचलल्यावर दहा शब्द मोठ्याने वाचून घ्या. कुणी अडखळलं तर हसू नका.