परत न येणारा गृहपाठ

लातूरच्या उद्योग भवन परिसरात रविवारी दुपारी चारनंतर उभं राहिलं की रस्ताभर एकच प्रश्न ऐकू येतो : किती पडले? ट्यूशनची टेस्ट सुटून दोन-तीन तासही झालेले नसतात, तोवर आन्सर की मोबाइलवर आलेली असते आणि चहाच्या गाड्यापाशी पोरं कोणता प्रश्न कुठं फसला याची चिरफाड करत असतात. त्याच रविवारी, तिथून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर, एका कॉलेजच्या दोन खोल्यांत मुक्त विद्यापीठाचं संपर्कसत्र चाललेलं असतं. बाकं तशीच, फळा तसाच. बसलेली माणसं मात्र तिशी-चाळिशीतली. अंगणवाडीताई, एसटीचा वाहक, साखर कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारा, लग्नात शाळा सुटलेली आणि आता पोरीबरोबर अभ्यासाला बसणारी बाई. त्यांनी आणलेले गृहपाठ टेबलावर जमा होतात, रजिस्टरात नोंद होते, पोच म्हणून सही होते, गठ्ठा सुतळीनं बांधून कपाटात जातो. किती पडले, हे तिथं कुणी विचारत नाही. मार्क कळतील ते थेट निकालात, आणि गृहपाठ तर परत येतच नाही.

बारा वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. आमच्या कामाला नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं ‘समंत्रक’ असा भारदस्त शब्द दिलेला आहे. अहमदपूर-जळकोटकडून येणारे विद्यार्थी मात्र सरच म्हणायचे, आणि ते बरंही वाटायचं. सुतळीचे ते गठ्ठे मीही बांधले आहेत. त्यामुळे पुढे जे काही लिहिणार आहे त्यातला दोष दुसऱ्यावर ढकलून मला मोकळं होता येणार नाही.

आपल्याकडे विद्यापीठ जन्मालाच आलं ते परीक्षा घेणारं मंडळ म्हणून. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभं राहिलं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं पेपर काढायचे, तपासायचे, पदवी द्यायची. लंडननं स्वतः १८५८ मध्ये पुढचं पाऊल टाकलं : तुम्ही कुठंही शिका, कसंही शिका, आमच्या परीक्षेला बसा. दूरशिक्षणाचा हा पहिला अवतार म्हणायचा तर त्यात शिक्षण औषधालाही नव्हतं, सगळी परीक्षाच होती. आपण आजही ‘एक्स्टर्नल बसलो’ म्हणतो. त्या ‘बसलो’त हा सगळा इतिहास आहे.

मराठवाड्याला हेही उशिरा मिळालं. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि १९१८ पासून उर्दू माध्यमाचं उस्मानिया. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० मध्ये, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये. त्याचं विभाजन होऊन नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं, ते थेट १९९४ साली. तेव्हा किनवटचा किंवा देगलूरचा बारावी नापास माणूस चाळिशीत ‘आता बी.ए. करतो’ म्हणाला, तर त्याच्यासाठी दार होतं ते दुसरंच : नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १ जुलै १९८९, पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. बारावी नसली तरी चालायचं, पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला येता यायचं. विभागीय केंद्र नांदेडला, अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजांत.

मूल्यमापनाचा पेच या उघड्या दारातच आहे. मेडिकलच्या जागांसाठी गाळणी आधी लागते; आत गेलेल्याच्या पदवीवर मग कुणी फारसा संशय घेत नाही. मुक्त विद्यापीठानं ती गाळणी दारातून काढली. म्हणजे पदवीची सगळी पत शेवटच्या परीक्षेवर आली. मुलाखतीच्या टेबलावर कुणी ‘मुक्तची डिग्री आहे का’ म्हणून नाक मुरडतो तेव्हा त्याला एवढंच विचारायचं असतं, की तिकडे नापास कुणी होतं का? या एका टोमण्याच्या धाकानं गेली तीस-पस्तीस वर्षं दूरशिक्षणातल्या परीक्षांचे नियम घडत आले आहेत, असं माझं मत आहे.

आकडेच पाहा. मुक्त विद्यापीठात कित्येक वर्षं ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गृहपाठाला. इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठात ७० आणि ३०. विद्यापीठ अनुदान आयोगानं मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये विनियम काढले, त्यांत सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के. आयआयटीच्या मास्तरांच्या एनपीटीईएल कोर्सला घरबसल्या गृहपाठाचे २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. आता तर हे कोर्स केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर असतात आणि त्यांचे श्रेयांक नेहमीच्या कॉलेजातही चालतात. यंत्रणा वेगळ्या, तरी वाटणी जवळपास एकच. घरी केलेल्या कामाला एक हिस्सा, डोळ्यांदेखत केलेल्या कामाला तीन. हा हिशेब शिक्षणशास्त्रातून आलेला नाही. घरी लिहिलं कुणी, हे कळत नाही म्हणून आलेला आहे.

आणि ते खरंच कळत नाही. पहिल्या वर्षी मी गठ्ठा उघडला तेव्हा राज्यशास्त्राच्या चाळीसेक गृहपाठांतले निम्म्याहून अधिक एकाच ‘मूळ प्रती’वरून उतरवलेले निघाले. त्या प्रतीत बलवंतराय मेहता समितीचं साल १९५७ च्या जागी १९७५ पडलेलं होतं, आणि वीस-बावीस जणांनी ते इमानेइतबारे तसंच लिहिलं होतं. एकानं तर झेरॉक्सवाल्याचा मोबाइल नंबरही उतरवला होता, अगदी समासासकट. हसू आलं, मग लाज वाटली, कारण त्यालाही मला वीसपैकी चौदा द्यायचे होते. तसा लेखी नियम नव्हता, रिवाज होता. गृहपाठात नापास करून आपण काय मिळवतो, असं केंद्रावर सगळेच म्हणत. तपासणीचा मोबदला इतका, की एका गृहपाठाला दोन मिनिटांपेक्षा जास्त देणारा माणूस येडा ठरावा.

त्याच गठ्ठ्यात एक वेगळी वही होती. जळकोट तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंची. प्रश्न ग्रामसभेवर. ताईंनी समित्या-बिमित्या सगळं सोडून आपल्या गावची ग्रामसभा लिहिली होती : गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तो लागतो, एवढी माणसं चावडीत कधी मावलीच नाहीत, मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, बाया चुलीपुढून उठून अंगठा देतात. अक्षर वाकडं, शुद्धलेखनाच्या नावानं आनंद, उत्तर दीड पानात संपलेलं. मी समासात लाल शाईनं चार ओळी लिहिल्या : हे फार चांगलं आहे, याला कायद्यातलं कलम जोडा, तहकूब सभेचं काय होतं तेही लिहा. आणि केंद्राचा शिरस्ता मोडून वही त्यांना दाखवली. लाल शाई पाहून त्यांचा चेहराच उतरला. “सर, नापास करूलालाव का मला?” म्हणाल्या. मार्क तेरा होते. ज्यानं झेरॉक्सवाल्याचा नंबर लिहिला, त्याच्यापेक्षा एक कमी. उत्तर अपुरं होतं ना.

ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली सनद घेऊन उभं राहिलं आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. टीव्हीवर रात्री-बेरात्री लागणाऱ्या व्याख्यानांनी त्याचा बोलबाला झाला, पण तिथली शिकवणी खरी चालायची पोस्टातून. विद्यार्थी गृहपाठ पाठवणार, ट्यूटर त्यावर शेरे लिहून तो परत पाठवणार. आणि ट्यूटर मार्क कसे देतो, शेरे कसे लिहितो, यावरही विद्यापीठाची नजर. जो शिक्षक समोर उभा राहत नाही, त्याला शिकवायला समासाशिवाय दुसरी जागा कुठली? आपण त्या व्यवस्थेतून गृहपाठ घेतला, पुस्तक घेतलं, अभ्यासकेंद्र घेतलं. परतीचं पाकीट घेतलं नाही.

लाखांच्या घरातले विद्यार्थी आणि परतीचं टपाल, हा खर्च परवडणारा नाही, असं यावर उत्तर येतं. ते खोटं नाही. तपासणीचा डोंगर नीट पेलला नाही की काय होतं, ते मुंबई विद्यापीठानं २०१७ मध्ये दाखवलं : उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घाईनं घातला, निकाल महिनोन्महिने लांबले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पण मग लातूरला हे कसं परवडतं?

लातूर पॅटर्न म्हणजे घोकंपट्टी, असं पुण्या-मुंबईकडे बोलायची पद्धत आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यामागून अनिरुद्ध जाधव या प्राचार्यांच्या काळात जे घडलं, त्याचं बाहेर नाव झालं ते बोर्डाच्या गुणवत्ता यादीमुळे. (हेच वाघमारे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.) पण त्या वर्गांत बसलेल्यांना विचारा. त्यांना आठवतो तो टेस्टचा परत मिळालेला पेपर. चूक कुठं झाली ते सरांनी त्या उत्तरावर बोट ठेवून दाखवलं, पुढच्या टेस्टला ती सुधारली, तरी राहिली तर पुन्हा बोट. परीक्षा जितक्या वेळा झाली तितक्या वेळा पेपर हातात आला. धंदा झाल्यावर त्यातलं बरंच नासलं, २०२४ च्या नीट पेपरफुटी प्रकरणात तपासाचे धागे लातूरपर्यंत येऊन पोहोचले, तेही विसरायचं नाही. तरीही परत आलेल्या पेपरातून माणूस शिकतो, हे या गावाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. सतरा वर्षांच्या पोराला जे रोज मिळतं, ते त्याच गावात त्याच्या आईला वर्षातून एकदाही मिळत नाही, एवढीच माझी तक्रार.

२०२० साली सगळेच दूरस्थ झाले. राज्य सरकार अंतिम वर्षाची परीक्षा नको म्हणत होतं, आयोग हवीच म्हणत होता. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : तारीख पुढे ढकलून मागता येईल, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्ष पास करता येणार नाही. दिल्ली विद्यापीठानं पुस्तक उघडं ठेवून लिहायची परीक्षा घेतली. महाराष्ट्रानं जवळचा रस्ता धरला, बहुपर्यायी प्रश्न. मुंबई विद्यापीठाच्या ‘आयडॉल’ या दूरशिक्षण संस्थेची ऑक्टोबरातली ऑनलाइन परीक्षा सर्व्हर कोलमडून पुढे गेली. सायबर हल्ला झाला, असं विद्यापीठानं सांगितलं. आमच्याकडे हल्ला करायला कुणी आलं नाही, रेंज नव्हती तेवढं पुरलं. घरात एक मोबाइल आणि परीक्षेला दोघं, मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, गावाबाहेरच्या माळावर. पर्याय कसे निवडले गेले, याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत आणि कुणी छापायला देणार नाही. जिथं दहा ओळी लिहून दाखवायच्या तिथं गोल निवडायचा आला, आणि शेराही आपोआप संपला. चुकीच्या गोलाला काय समजावणार?

त्यानंतर ऑनलाइन परीक्षेत जी हुशारी वाढली ती सगळी पाळतीची. कॅमेरा चेहरा ओळखतो, नजर हलली की इशारा देतो, दुसरा आवाज आला की नोंद करतो. दोन खोल्यांच्या घरात दुसरा आवाज येणारच. कुकरची शिट्टी आणि सासूबाईंचा खोकला हे गैरप्रकारात मोडतात का, असं एका बाईंनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. त्यातल्या त्यात बरं, की किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि पेपरसाठी तेवढा एसटीचा प्रवास वाचतो. गरोदर, अपंग, पाळीवरचे कामगार यांना तो वाचणं ही मोठीच गोष्ट आहे. ऑनलाइन मूल्यमापनाला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी एकदा भोकरच्या स्टँडवर पहाटे पाचला उभं राहावं.

आता झेरॉक्सवाल्याचं दुकान बसलं आहे. गृहपाठ एआय लिहून देतं. मराठी स्वच्छ, सालं बरोबर, प्रत्येकाचा वेगळा. नक्कल पकडायची माझी एकमेव युक्ती, १९७५, तीही गेली. आयोगाच्या ३० टक्क्यांत खरं काय उरलं, हे परीक्षा विभागांनाही ठाऊक आहे, आणि उपाय म्हणून पुन्हा कॅमेराच सुचवला जातो.

शेवटच्या दोन वर्षांत मी एक उद्योग केला, कुणी सांगितलेला नसताना. गठ्ठ्यातले दहा गृहपाठ काढायचे आणि संध्याकाळी त्या विद्यार्थ्यांना फोन करायचा. पाच मिनिटं, एकच प्रश्न, त्यांच्याच गृहपाठातला. एकदा साखर कारखान्यातला एक गडी लागला. पाळी सुटून घरी निघालेला, मागे ट्रॅक्टरचा आवाज. गृहपाठात लोकशाही विकेंद्रीकरणावर तीन पानं, एक मात्रा चुकलेली नाही. विकेंद्रीकरण म्हणजे काय, विचारलं. गप्प. मग म्हणाला, “सर, खरं सांगू का, ते मोबाइलनं लिहिलंय. लेकीनं काढून दिलं.” म्हटलं, बरं, ते राहू द्या, तुमच्या गावच्या पाणीपुरवठ्याचा ठराव कुणी केला? पाच मिनिटांची वीस झाली. टाकी मंजूर कुठं झाली, जागा कुणाच्या दारात हलली, ग्रामसेवकानं ठराव कधी लिहिला आणि सभा कधी झाली, जिल्हा परिषदेत फाइल कोणत्या टेबलावर अडली, सगळं तारीखवार. शेवटी म्हणाला, “हे पेपरात लिहिलं तर चालतंय का?”

फोन ठेवला आणि गुणपत्रक पुढे ओढलं. लिहिलेल्या तीन पानांचे सोळा होत होते. बोललेल्या वीस मिनिटांसाठी रकानाच नव्हता.