कॅल्शियम नॉर्मल, पीटीएच वाढलेला: ऑपरेशन कधी?

पेडगावच्या माणसाने परभणीला जाऊन रक्त तपासलं, कॅल्शियम ९.६, म्हणजे नॉर्मल, पण पीटीएच वाढलेला. अशा रिपोर्टवर घरात दोन मतं पडतात. ‘कॅल्शियम ठीक आहे ना, मग सोडून द्या,’ हे एक. ‘गळ्यात गाठ असणार, काढून टाका,’ हे दुसरं. दोन्हींत घाई आहे.

हा थायरॉईडचा आजार नव्हे. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. पीटीएच हे त्यांचं संप्रेरक. रक्तातलं कॅल्शियम तेच सांभाळतं. थायरॉईडच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

पीटीएच वाढला की आधी ड जीवनसत्त्व बघायचं. ‘उन्हात राबणाऱ्याला ते कमी कसं पडेल?’ हा सगळ्यात नडणारा समज. अंगभर कपडे, डोक्यावर पदर नाहीतर रुमाल, सावळी कातडी, आणि जेवणात हे जीवनसत्त्व नावापुरतं. त्यामुळे कडक उन्हाच्या मराठवाड्यातही ते कमी पडतं. मग आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि ती तूट भरायला ग्रंथी पीटीएच वाढवतात. रक्तातला आकडा नॉर्मल राहतो, पण हाडांच्या जिवावर. इथे ग्रंथी आपलं काम चोख करत असते. ती काढणं चूकच. मूत्रपिंडाचा जुना आजार, लिथियम, लघवी वाढवणारी काही औषधं, हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी काही औषधं यांनीही पीटीएच चढतो. म्हणून ड जीवनसत्त्व ३० नॅनोग्रॅमच्या वर आणायचं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघायचं आणि ३ ते ६ महिन्यांत पीटीएच, कॅल्शियम, जमल्यास आयनाइज्ड कॅल्शियमही पुन्हा तपासायचं.

एवढं करून कुठलंच कारण सापडलं नाही आणि पीटीएच चढाच राहिला, तर तो पॅराथायरॉईडचाच खरा आजार. तरीही सरसकट ऑपरेशन नाही. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही त्यासाठी पुरेसा पुरावा नसल्याचं म्हटलं आहे. हाड मोडलेलं असेल, डेक्सा तपासणीत हाडं ठिसूळ दिसत असतील, मुतखडे वारंवार होत असतील, तर मात्र ऑपरेशनचा विचार करावाच.

स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही, असंही नव्हे. स्कॅन फक्त बिघडलेली ग्रंथी कुठे आहे ते शोधतो, आणि या प्रकारात बऱ्याचदा एकाहून जास्त ग्रंथी बिघडलेल्या असतात. त्यामुळे हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जनच गाठावा, त्यासाठी नांदेड-संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागली तरी. ग्रंथी काढल्यावर १० मिनिटांनी रक्त घेतात. पीटीएच निम्म्याहून खाली आला तर काम झालं, असं बहुधा धरतात. आवाजाच्या नसेला इजा आणि नंतर कॅल्शियम घसरणं, हे धोके आधीच विचारून घ्यावेत.

आणि मुतखड्याच्या भीतीने दूध-दही बंद करू नका. पोटात कॅल्शियम कमी गेलं, तर पीटीएच आणखी चढतो.