पाणी तापवणारा उलटा फ्रिज

फ्रिजच्या बाजूला किंवा मागे हात लावला तर ऊब लागते. आतल्या दूध-भाजीतली उष्णता तो बाहेर टाकत असतो. हेच काम उलटे केले की झाला हीट पंप वॉटर हीटर. खोलीतल्या हवेतली उष्णता ओढायची आणि टाकीतल्या पाण्यात सोडायची. साधा विजेचा गिझर एका युनिट विजेतून फार तर एक युनिट उष्णता देतो. हे यंत्र सुमारे तीन देते, कारण ते बहुतेक उष्णता तयार करत नाही, वाहून आणते. शिवाय ज्योत नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझरने घेतलेले बळी आपल्याकडे अधूनमधून बातम्यांत दिसतात. त्यामुळे हा फायदा मला वीजबिलाहून मोठा वाटतो.

अमेरिकेत १९२५ मध्ये सुरू झालेली रीम कंपनी घर उबदार ठेवणारी, गार करणारी आणि पाणी तापवणारी यंत्रे बनवते. तिचे असे हीटर ‘प्रोटेरा’ नावाने मिळतात. साध्या गिझरपेक्षा ते बरेच महाग. म्हणून २०२२ च्या कायद्याने तिथल्या केंद्र सरकारने पात्र यंत्रांवर खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, आयकरातून वजा करू दिले. सवलत २०३२ पर्यंत चालायची होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ लाच संपवली. त्या दिवसापर्यंत बसवून झालेले यंत्रच धरतात. नुसते पैसे भरून चालत नाही.

मुळातच ही सवलत लंगडी होती. समजा खर्च ३,००० डॉलर, सवलत ९००. पण वर्षाचा करच ४०० असेल तर ४०० च सुटणार, उरलेले ५०० बुडीत. पुढच्या वर्षीही ते मिळत नाहीत. म्हणजे बेताच्या उत्पन्नावर राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला, ज्याला वीजबिल जास्त जाचते, त्यालाच कमी मदत.

आता तिकडच्या आपल्या नातेवाइकांनी राज्याची किंवा वीज कंपनीची सवलत चालू आहे का, ते आधी विचारावे. जागाही पाहावी. यंत्र भोवतालची हवा गार आणि कोरडी करते. दमट तळघराला ते उन्हाळ्यात सोयीचे. थंडीत मात्र घर तापवायला केलेल्या खर्चातलीच थोडी ऊब ते ओढून घेते.