सातबाऱ्यावर पोटखराबा, पावसात फुलांचं रान

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळमाळ, उन्हाळ्यात उजाड दिसतात. सातबाऱ्यावर अनेकदा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, अशी नोंद, त्यामुळे चिरेखाण काढताना किंवा माती टाकून आंब्याची बाग करताना कुणाला फारसं वाईट वाटत नाही. पण पावसात तिथे जाऊन पाहा! दीपकाडीची पांढरी फुलं (ही आपल्या कोकणचीच), मग गेंद, कीटक खाणारी सीतेची आसवं, दगडांखाली देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर. शिवाय हाच कातळ पाणी मुरवून खालच्या विहिरी आणि झरे जगवतो. मोठी झाडं नाहीत म्हणून सड्यांना जंगलाचं संरक्षणही सहसा मिळत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने मात्र ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. आपल्या गावचा सडा त्या नोंदवहीत आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत नक्की विचारा.