स्प्रिंग कोणती लावायची? रिफॉर्मर पिलाटीज आणि फिजिओथेरपी

आमच्याकडे येणारे पेशंट हल्ली हमखास एक प्रश्न विचारतात, "ते मोबाइलमध्ये दाखवतात ते सरकत्या बाकावरचं पिलाटीज केलं, तर माझी कंबर बरी होईल का?" होऊ शकते. पण ते कुणाच्या देखरेखीखाली करता, यावर बरंच अवलंबून आहे. का, ते आज बघू.

आधी यंत्र समजून घेऊ. रिफॉर्मर म्हणजे पलंगाएवढी चौकट आणि तिच्यात रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी. या गादीला कॅरेज म्हणतात. ती एका टोकाला चार-पाच स्प्रिंगांनी जोडलेली असते आणि या स्प्रिंगा हव्या तशा लावता-काढता येतात. त्याच टोकाला पाय टेकवायला आडवा दांडा असतो, म्हणजे फूटबार. दुसऱ्या टोकाला कप्पीवरून येणारे दोर असतात, त्यांच्या पट्ट्यांत हात किंवा पाय अडकवायचे.

ही करामत जोसेफ पिलाटीज या जर्मन गृहस्थांची. जन्म 1883. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध झाले. तिथे आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी व्यायाम करवून घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडे बॅलेवाली मंडळी दुखापती घेऊन यायची. म्हणजे दुखण्याशी या व्यायामाचं नातं जुनंच आहे. ते स्वतः याला 'कंट्रोलॉजी' म्हणत, आणि आम्हाला विचाराल तर तेच नाव जास्त बरोबर होतं.

आता स्प्रिंगा. खरी गंमत इथे आहे आणि धोकाही इथेच. जिममध्ये हिशोब सोपा असतो, वजन वाढवलं की व्यायाम अवघड. रिफॉर्मरवर उताणं झोपून पायांनी दांडा ढकलला तर तसंच होतं, स्प्रिंग जड तर काम जड. पण आता उलटे व्हा. हात दांड्यावर, पाय कॅरेजवर, शरीर फळीसारखं सरळ, आणि कॅरेज मागे ढकला. इथे स्प्रिंग हलकी केली की व्यायाम अवघड होतो! कारण जड स्प्रिंग कॅरेजला धरून ठेवते, परत यायला मदत करते. हलकी स्प्रिंग सगळं तुमच्या पोटावर आणि कंबरेवर सोपवते. म्हणजे "काकू, तुमच्यासाठी हलकी लावतो हं" असं प्रेमाने म्हणणारा माणूस काकूंच्या कंबरेवर भार वाढवत असू शकतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. कॅरेज परत येताना खट्ट आवाज झाला, तर समजायचं की स्प्रिंगने ओढून आणलं, स्नायूने सोडून दिलं. स्नायू लांबत असताना ताण धरून ठेवणं हेच तर शिकायचं असतं, कारण जिना उतरताना गुडघ्याला नेमकं तेच लागतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रिफॉर्मर आम्हाला उपयोगी वाटतो तो यासाठी. पेशंट झोपलेला असतो, पडायची भीती नाही, आणि गुडघ्यावर संपूर्ण वजन न टाकता किती टाकायचं ते स्प्रिंगवर ठरवता येतं. मात्र पेशंट नकळत चांगल्या पायानेच ढकलतो. कमरेचं हाड एका बाजूला किंचित सरकलेलं दिसतं, तेव्हा ते कळतं. बारा जणांच्या वर्गात संगीत चालू असताना हे कोण बघणार?

एक उदाहरण सांगतो. साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. काही आठवडे एका वर्गात जात होत्या. डोकं-खांदे उचलून पोटाचे व्यायाम करायच्या, आणि पाठीचं दुखणं मात्र वाढत चाललं होतं. बोलता बोलता म्हणाल्या, "आताशा साडी जास्त वर खोचावी लागते." म्हणजे उंची कमी झाली होती! तपासणीत हाडं ठिसूळ आणि पाठीचा एक मणका दबलेला निघाला. तो वर्गामुळेच दबला असं आम्ही म्हणणार नाही. पण अशा माणसाला पाठ पुढे वाकवून जोर लावायला देऊ नये, हे नक्की. मग डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, आणि त्यांनी परवानगी दिल्यावर त्याच यंत्रावर वेगळं काम दिलं. पाठ सरळ ठेवून पायांचं, दोर ओढून पाठीच्या स्नायूंचं, नंतर उभं राहून तोलाचं. यंत्र तेच होतं.

हे जादूचं यंत्र आहे का? नाही. कंबरदुखीवरच्या पिलाटीजचा कॉक्रेनने 2015 मध्ये आढावा घेतला, 10 अभ्यास, 510 माणसं. काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटीज बरं ठरलं, पण इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. तेव्हा रोज चालून आणि साधे व्यायाम करून तुमचं ठीक चाललं असेल, तर एवढे पैसे खर्च करू नका. हे आम्ही धंद्याचं नुकसान करून सांगतोय! आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडायला लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर व्यायाम नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

शेवटी एक प्रश्न आलाय, योग्य माणूस ओळखायचा कसा? 'पिलाटीज' हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, अमेरिकेतल्या कोर्टाने 2000 मध्ये तसाच निकाल दिला. त्यामुळे चार दिवसांचा कोर्स केलेला आणि चार वर्षं शिकलेला, दोघेही तीच पाटी लावू शकतात. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते. तो नंबर बिनधास्त विचारा. उलटंही खरं आहे, प्रत्येक फिजिओला रिफॉर्मर येतो असं नाही, तेव्हा त्याचं प्रशिक्षण घेतलंय का तेही विचारा. आणि पहिल्याच भेटीत, तुमचे रिपोर्ट न बघता, वाकायला-उठायला न लावता कुणी थेट यंत्रावर झोपवलं, तर चपला घालून घरी या.