दिसते, पण ठिकाण उमगत नाही : अल्झायमर आणि अवकाशबोध

‘इथे’, ‘तिथे’, ‘अलीकडे’, ‘पलीकडे’ ही स्थलवाचक क्रियाविशेषणे आपणांस परिचित आहेत. बोलणारा कोठे उभा आहे हे ठाऊक असल्याखेरीज त्यांचा अर्थ लागत नाही. अल्झायमरच्या आजारात नेमके हे भानच ढासळते.

खर्डा येथील एका वृद्ध शिक्षकांची कल्पना करा. १७९५ ची मराठे आणि निजाम यांची लढाई ते तपशिलाने सांगतात. परंतु भुईकोट किल्ल्यापासून घरी परतताना कोठे वळावे हे त्यांना कळत नाही. नेत्रतपासणीत दृष्टी निर्दोष ठरते. मग उणीव कोठे आहे?

१. दृश्याचे दोन मार्ग

डोळ्यांकडून आलेला संकेत मेंदूच्या मागील भागात पोहोचतो. तेथून दोन मार्ग निघतात, असे अंगरलायडर व मिश्किन यांनी १९८२ मध्ये मांडले. खालचा मार्ग वस्तू ‘काय’ आहे हे ओळखतो, वरचा ती ‘कोठे’ आहे हे ठरवतो. चालताना भोवतालचे दृश्य मागे सरकते; त्या प्रवाहावरून मेंदू आपली दिशा ताडतो. डोक्यावर विद्युत्-अग्रे लावून केलेल्या चाचण्यांत अल्झायमरच्या रुग्णांमध्ये या प्रवाहाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद क्षीण आढळला आहे.

२. मनातील नकाशा

हिप्पोकॅम्पस व त्यालगतच्या भागातील पेशी परिसराचा नकाशा राखतात. या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्झायमरची झीज बहुधा याच भागात लवकर सुरू होते. म्हणून वाट चुकणे हे आरंभीचे लक्षण असू शकते. ‘अस्तु’ या मराठी चित्रपटातील संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत जाऊन हरवतात. हत्ती त्यांना दिसतो, मोहवतो. परतीची वाट मात्र सुटते.

३. भाषेचे साहाय्य

अशा व्यक्तीला ‘तिकडे जा’ हे वाक्य अपुरे पडते. ‘हे निळे दार उघडा’ असे वस्तूचे नाव घेऊन, हाताने दाखवून सांगावे. जमिनीवरचे काळे पायपुसणे तिला खड्डा भासू शकते. तेथे अडखळणे हा हट्ट नव्हे. आपण ज्याला विसरभोळेपणा म्हणून रागावतो, तो पुष्कळदा अवकाशबोधाचा लोप असतो. हा भेद ओळखला, तर रागाची जागा आधार घेऊ शकेल.

आपली प्रगती तपासा

१. दृष्टी निर्दोष असूनही वाट का चुकते?
२. ‘पलीकडे ठेवा’ ही सूचना अशा व्यक्तीसाठी सुलभ करून लिहा.