डोक्याला मार : रक्ताची चाचणी काय सांगते, काय सांगत नाही?

मोटारसायकल घसरून डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात बेशुद्ध असतो. बाहेर बाकड्यावर घरची मंडळी बसलेली असतात. डॉक्टर दिसले की एकच प्रश्न : ‘‘शुद्धीवर कधी येईल?’’ त्यामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो. उपचारांसाठी शेत गहाण टाकायचे, की रुग्णाला घरी न्यायचे? त्यामुळे याचे उत्तर जपूनच द्यावे लागते.

हे उत्तर रक्ताच्या तपासणीतून मिळेल काय, यावर सध्या बरेच संशोधन चालू आहे. त्याची माहिती घेऊ.

अंदाज कसा बांधतात?

१९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी एक साधी मोजपट्टी तयार केली. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय कसे हलवतो, हे पाहून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. त्याला वय, डोळ्यांच्या बाहुल्यांची उजेडाला मिळणारी प्रतिक्रिया आणि सी.टी. स्कॅन यांची जोड देऊन डॉक्टर अंदाज बांधतात. मात्र गुंगीचे औषध किंवा श्वासनलिकेतील नळी असली, की हे गुण नीट मोजता येत नाहीत.

रक्तातला पुरावा

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या पेशींतील प्रथिन रक्तात उतरते, तसेच मेंदूचेही आहे. पेशींना इजा झाली की त्यांतील काही प्रथिने रक्तात येतात. जी.एफ.ए.पी. हे मेंदूतील आधार देणाऱ्या पेशींचे प्रथिन, तर यू.सी.एच.-एल १ हे प्रामुख्याने चेतापेशींचे. अमेरिकेत सुमारे १,७०० जखमींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघाताच्या दिवशी ही दोन प्रथिने फार वाढलेली असतील, तर सहा महिन्यांत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचा धोका जास्त, असे त्यात आढळले. पण वाचलेला रुग्ण पूर्ण बरा होईल की थोडी कसर राहील, हे मात्र त्यावरून नीट सांगता आले नाही.

आकडा म्हणजे निकाल नव्हे

पावसात घर पडले, तर वाहत्या पाण्यातील माती पाहून पडझड किती झाली याचा अंदाज येतो. कोणती खोली पडली ते कळत नाही. रक्ताच्या तपासणीचेही तसेच आहे. मेंदूच्या देठातील लहानशी इजा माणसाला दीर्घकाळ बेशुद्ध ठेवू शकते, तर दुसरीकडची मोठी इजाही कित्येकदा भरून निघते.

शिवाय फसगतही होते. एस-१०० बी हे प्रथिन चरबीतही असते. म्हणून हाडे मोडलेली व अंगभर मार लागलेला असल्यास ते वाढते. एन.एस.ई. हे तांबड्या रक्तपेशींत असते. त्या फुटल्या तरी आकडा चढतो.

अमेरिकेतीलच २०२१ च्या एका अभ्यासात असे रुग्ण होते, की दोन आठवड्यांनंतरही त्यांना भान नव्हते. पुढे वर्षभर ज्यांची माहिती ठेवता आली, त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्ण भानावर आले. सुमारे पाव रुग्णांना स्थळकाळाची ओळखही परत आली. सगळे पूर्ववत झाले असे नव्हे. पण पहिल्या आठवड्यातच आशा सोडणे किती चुकीचे ठरू शकते, हे यावरून दिसते.

नातेवाइकांनी काय करावे?

या तपासण्या आपल्याकडे सर्वत्र होत नाहीत. त्या झाल्या नाहीत म्हणून उपचारात उणीव राहिली, असे मानू नये. २०१८ साली अमेरिकेत अशा चाचणीला पहिली परवानगी मिळाली, तीही सौम्य इजेत सी.टी. स्कॅन हवा की नको हे ठरवण्यासाठी.

‘‘वाचेल का?’’ एवढेच न विचारता डॉक्टरांना पुढील गोष्टी विचाराव्यात : कालच्यापेक्षा आज काय बदल आहे? गुंगीचे औषध चालू आहे का? वाचल्यास कोणते अपंगत्व राहण्याची शक्यता आहे? घरी कोणती शुश्रूषा व व्यायाम लागतील? फक्त एका तपासणीवरून उपचार थांबवण्याचा निर्णय घेऊ नये. निदान पहिले तीन दिवस तरी घाई करू नये, असे तज्ज्ञही सांगतात. खर्च झेपत नसेल तर तेही डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. मार्ग एकत्र बसून काढता येतो.

आणि या बाकड्यावर बसण्याची वेळच येऊ नये, यासाठी एक उपाय आपल्या हातात आहे. हेल्मेट हँडलला अडकवून उपयोग नाही. ते डोक्यावर हवे, आणि पट्टा बांधलेला हवा.